हिशेबाचा जुना संगणक फार संथ झाला आहे. आधी कोणता भाग बदलावा?

करसल्ला_इंदूर

नमस्कार. मी इंदूरला घरूनच लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचे आणि जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम करते. माझे बहुतेक क्लायंट सियागंज आणि महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधले आहेत. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास त्यांची कागदपत्रे एकदमच येऊन पडतात, आणि नेमका त्याच दिवसांत संगणक इतका संथ होतो, की एक खिडकी उघडायला सांगून दुसऱ्या कामाला लागावे लागते.

संगणकाची माहिती अशी आहे: इंटेलचा कोअर आय फाइव्ह ४५७० प्रोसेसर, एच ८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क आणि ६४ बिटचे विंडोज १०. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. टॅली, एक्सेल, ब्राउझरमध्ये दहाबारा टॅब, पीडीएफ आणि डिजिटल सहीचे टोकन, एवढाच माझा वापर आहे. खेळ किंवा व्हिडिओ संपादन घरात कोणीही करत नाही.

एका दुकानदाराने जुना कोअर आय सेव्हन ४७७० प्रोसेसर आणि त्यासोबत २ जीबीचे ग्राफिक्स कार्ड टाकण्याचा सल्ला दिला आहे. दोन्ही मिळून तो सांगतो ती रक्कम माझ्या ८,००० रुपयांच्या मर्यादेत बसते. तरी पैसे खर्च करण्याआधी विचारते: माझ्या कामासाठी या दोन गोष्टींनी फरक पडेल का, आणि पडणार नसेल तर याच पैशांत काय घ्यावे?


नारायणबागकर

ताई, दुकानदाराने सुचवलेले दोन्ही भाग तूर्त घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कोअर आय फाइव्ह ४५७० हा २०१३ मधला प्रोसेसर असला, तरी त्यात चार कोअर आहेत आणि तो ३.२ गिगाहर्ट्झवर, गरजेप्रमाणे ३.६ पर्यंत चालतो. नोंदी करणे, एक्सेलची पत्रके आणि जीएसटीचे संकेतस्थळ यांसाठी तो आजही पुरतो. आय सेव्हन ४७७० मध्येही कोअर चारच आहेत. प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामे हाताळतो आणि वेग थोडा अधिक, म्हणजे ३.४ ते ३.९ गिगाहर्ट्झ आहे, एवढाच फरक. तासभर व्हिडिओ रूपांतरित करणाऱ्याला तो जाणवेल, आपल्याला नाही. ग्राफिक्सचे म्हणाल, तर आपल्या प्रोसेसरमध्येच एचडी ४६०० ही ग्राफिक्सची सोय आहे आणि कागदपत्रांचे पडदे दाखवायला तिच्यापेक्षा अधिक काही लागत नाही.

आपल्या वापरात संगणक संथ वाटतो, तेव्हा प्रोसेसर बहुधा कशाची तरी वाट पाहत बसलेला असतो. ही वाट कशाची, हे शोधणे हे पहिले काम आहे. आपण दिलेल्या यादीत मला दोन संशयित दिसतात: हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम. ही जोडी एकत्र आली की एकमेकींना आणखी खाली ओढते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कची तबकडी एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवी ती जागा डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, सुमारे ४.२ मिलिसेकंद, थांबावे लागते. त्याआधी वाचणारे डोके योग्य वर्तुळावर सरकण्यात साधारण आठनऊ मिलिसेकंद जातात. एका लहानशा वाचनाला असे बारातेरा मिलिसेकंद लागले, की सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० वाचने होतात. विंडोज सुरू होताना किंवा टॅली उघडताना लागणारे तुकडे बहुधा ४ केबी आकाराचे आणि तबकडीभर विखुरलेले असतात. त्यामुळे मोठी फाइल ओळीने वाचताना सेकंदाला शंभर एमबीहून अधिक देणारी तीच डिस्क अशा वेळी सेकंदाला एक एमबीसुद्धा देऊ शकत नाही. एकाच गल्लीत शंभर पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनला आणि शंभर वस्त्यांत एकेक पत्र टाकणाऱ्या पोस्टमनला लागणारा वेळ जसा वेगळा, तसेच हे आहे. साध्या साटा एसएसडीत, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीत बसणाऱ्या पण चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसल्याने तेच विखुरलेले वाचन एका वेळी एक या क्रमानेही सेकंदाला आठदहा हजार वेळा होते. शंभरपटीचा हा फरक कोणताही प्रोसेसर बदलून मिळणार नाही.

आता रॅम. ४ जीबीपैकी दीड ते दोन जीबी विंडोज स्वतःच घेते, आणि ब्राउझरचा एकेक टॅब शंभर ते तीनशे एमबी सहज खातो. जागा संपली, की विंडोज कमी लागणारा मजकूर डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ठेवते आणि लागला की परत आणते. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर हार्ड डिस्कला दहा मिलिसेकंदांहून अधिक, म्हणजे जवळजवळ एक लाख पट. आपण एका खिडकीतून दुसरीत जाताना संगणक गोठल्यासारखा वाटतो, त्याचे कारण बहुतेक हेच असावे.

तरीही हे सगळे मी वर्णनावरून लिहितो आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि कामाच्या ऐन गर्दीत परफॉर्मन्स या भागातले तीन आकडे टिपून येथे द्यावेत: प्रोसेसरचा वापर किती टक्के, डिस्कचा ॲक्टिव्ह टाइम किती टक्के, आणि मेमरीच्या पानावर कमिटेड या शब्दाखाली दिसणारे दोन आकडे. टॅलीचा डेटा याच संगणकावर आहे की दुसरीकडे, हेही कळवावे.


दुरुस्ती_कक्ष

वरील उत्तराशी मी सहमत आहे. दुरुस्तीच्या टेबलावर बसणारा माणूस म्हणून त्यात काही भर घालतो.

दहाबारा वर्षांच्या संगणकात नवे काही घालण्याआधी त्याची प्रकृती तपासावी. सर्वांत आधी हार्ड डिस्कची. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडला, की डिस्क स्वतःबद्दल ठेवत असलेल्या नोंदी दिसतात. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा लहान कप्पा. त्या नोंदींतल्या रिॲलोकेटेड सेक्टर्स (खराब म्हणून बदललेले) आणि करंट पेंडिंग सेक्टर्स (वाचता न आल्याने संशयास्पद) या दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. दुसऱ्या ओळीत शून्याखेरीज काही असेल, तर काही जागा डिस्कला नीट वाचता येत नाहीत आणि ती पुन्हापुन्हा प्रयत्न करते आहे, असा अर्थ होतो. अशा डिस्कचा संगणक मधूनच काही सेकंद पूर्ण थिजतो आणि मग आपोआप चालू लागतो. तसे होत असेल तर वेगाची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी डेटाची प्रत काढावी.

दुसरी गोष्ट उष्णतेची. इंदूरला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि रस्त्यालगतच्या घरांत धूळ किती येते हे आपण जाणतोच. प्रोसेसरचे तापमान १०० अंशांच्या जवळ गेले, की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. या मालिकेसोबत येणारा पंखा प्लास्टिकच्या चार खुंट्यांवर बसतो. त्यांतली एखादी सैल झाली किंवा प्रोसेसरची उष्णता वर पोहोचवणारी मधली थर्मल पेस्ट सुकली, तर चांगला प्रोसेसरही रखडतो. पंखा काढून त्याखालच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांतली धूळ ब्रशने झाडणे आणि पेस्ट नव्याने लावणे हे अगदी कमी खर्चाचे काम आहे. नुसत्या हवेच्या फवाऱ्याने हीटसिंकच्या आतली जाळी साफ होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

संगणक बंद करून सुरू केल्यावर तारीख मागे जात असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेलही बदलून घ्यावा. तारीख चुकली, की जीएसटीसारखी सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची चूक दाखवून उघडत नाहीत, आणि दोष मात्र इंटरनेटला दिला जातो.


करसल्ला_इंदूर

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे आकडे टिपले. सकाळी संगणक सुरू केल्यावर बराच वेळ डिस्क १०० टक्क्यांवर असते आणि प्रोसेसर त्या वेळी १० ते २० टक्क्यांच्या वर जात नाही. गर्दीच्या वेळी मेमरी ९१ टक्के भरलेली असते आणि कमिटेडखाली ७.२/८.९ जीबी असे दिसते. तापमान काम चालू असताना ६० अंशांच्या आतबाहेर राहते. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळी खूण आहे. रिॲलोकेटेड सेक्टर्स शून्य आणि करंट पेंडिंग सेक्टर्स ८ आहेत. हे पाहून कालच सगळ्या क्लायंटचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवला.

टॅलीचा प्रश्न विचारलात ते बरे झाले, कारण ते मी लिहिले नव्हते. टॅलीचा डेटा पुढच्या खोलीतल्या दुसऱ्या संगणकावर आहे. आधी तिथे माझे दीर बसून नोंदी करत असत. आता नोंदीही बहुतेक मीच करते, पण डेटा तिथेच राहिला आहे आणि माझा संगणक यूएसबीच्या वाय-फाय अडॅप्टरने तिथपर्यंत पोहोचतो. टॅलीत ताळेबंद किंवा मोठा खतावणी अहवाल उघडायला फार वेळ लागतो. त्या वेळी माझ्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शांत असते, याचा उलगडा मला होत नव्हता.


नारायणबागकर

ताई, आपण दिलेल्या आकड्यांनी चित्र बरेच स्पष्ट झाले. आपल्याकडे एक नव्हे, तीन वेगवेगळ्या कारणांनी वेळ जातो आहे.

सकाळची दिरंगाई हार्ड डिस्कची आहे. डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर १० ते २० टक्के, याहून स्वच्छ पुरावा नको. त्यात न वाचता येणारे ८ सेक्टर असल्याने ही डिस्क तशीही बदलावीच लागणार आहे.

गर्दीच्या वेळची दिरंगाई रॅमची आहे. कमिटेडमधला पहिला आकडा म्हणजे चालू प्रोग्रॅमांनी मिळून मागितलेली जागा, आणि दुसरा म्हणजे रॅम व पेज फाइल मिळून असलेली मर्यादा. ४ जीबी रॅमवर ७.२ जीबीची मागणी आहे, म्हणजे तीनएक जीबीचा मजकूर डिस्कच्या भरवशावर ठेवलेला आहे. आपल्याला ८ जीबी अगदी काठोकाठ पुरेल, आणि १६ जीबी मिळाली तर या संगणकाच्या उरलेल्या आयुष्यात रॅमचा विषय पुन्हा निघणार नाही. आपल्या बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा असून जास्तीत जास्त १६ जीबी चालते, म्हणून ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात. दोन पट्ट्यांनी रॅमच्या दोन्ही वाहिन्या वापरल्या जातात आणि डीडीआर३ १६०० साठी सेकंदाला १२.८ ऐवजी २५.६ जीबी एवढा मार्ग मिळतो. पडद्याचे चित्रही त्याच रॅममधून जात असल्याने याचा थोडा उपयोग होतो.

तिसरे कारण वाय-फायचे आहे, आणि ते आपण आता सांगितले नसते तर सगळे नवे भाग घालूनही टॅली तसेच संथ राहिले असते. हिशेबाचा अहवाल तयार होताना प्रोग्रॅम डेटाच्या फाइलींतून असंख्य लहान तुकडे मागवतो. तारेने जोडलेल्या घरगुती जाळ्यात प्रत्येक मागणीचे उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येते. वाय-फायवर, तेही शेजाऱ्यांच्या जाळ्यांनी गजबजलेल्या २.४ गिगाहर्ट्झवर, काही मिलिसेकंद लागतात आणि मधूनमधून त्याहून बरेच जास्त. शिवाय ते तुकडे शेवटी त्या दुसऱ्या संगणकाच्या डिस्कवरून वाचले जातात. म्हणूनच आपली डिस्क शांत दिसत होती.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे नोंदी जर आपणच करत असाल, तर डेटा आपल्या संगणकातल्या नव्या एसएसडीवर आणावा आणि दिरांच्या संगणकाने गरज पडेल तेव्हा तो तिथून उघडावा. ते शक्य नसेल, तर दोन्ही संगणक राउटरला लॅनच्या तारेने जोडावेत. राउटर १०० मेगाबिटचा असला तरी सेकंदाला साडेबारा एमबीपर्यंत जाता येते, आणि टॅलीच्या दृष्टीने त्या आकड्यापेक्षा उत्तर चटकन येणे अधिक मोलाचे आहे.

दुकानात कदाचित कोणी एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगळ्या आणि अधिक वेगवान जोडणीची, एसएसडी सुचवेल. ती आपण घेऊ नये. एच ८१ च्या बोर्डांवर तिची खाच नसते आणि अडॅप्टर लावला तरी बहुतेक बोर्डांचे बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाही. नव्या संगणकातही जाहिरातीतला ३,५०० किंवा ७,००० एमबीचा वेग मोठ्या फाइली ओळीने वाचतानाचा असतो. लहान विखुरलेल्या वाचनात साटा सेकंदाला तीसचाळीस एमबी देते आणि एनव्हीएमई पन्नास ते सत्तर, आणि रोजच्या कामात जाणवतो तो हा दुसरा आकडा.


ग्वाल्हेरचा_अभियंता

मी थोडा वेगळा विचार मांडतो. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विस्तारित सुरक्षा अद्यतनांसाठी नाव नोंदवले, तर घरगुती वापरकर्त्यांना ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यापुढे नाही. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ताईंचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे. क्लायंटचे पॅन क्रमांक, बँकेची माहिती आणि डिजिटल सही ज्या संगणकावर आहे, तो सुरक्षा अद्यतनांशिवाय चालवणे मला योग्य वाटत नाही. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, परंतु दुसऱ्यांच्या आर्थिक माहितीसाठी मी त्यांवर विसंबणार नाही.

मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर अशा मालिकांचे आठव्या पिढीचे संगणक दुरुस्त करून विकले जातात. त्यांत एसएसडी बहुधा आधीच असते. म्हणून जुन्या बोर्डावर आठ हजार घालण्याऐवजी थोडे अधिक साठवून असा संगणक घेणे मला शहाणपणाचे वाटते.


नारायणबागकर

आपला मुद्दा सुरक्षेच्या दृष्टीने पूर्णपणे बरोबर आहे, आणि ताईंनी विस्तारित अद्यतनांसाठी नाव आजच नोंदवावे. मात्र त्यांची डिस्क आज धोक्यात आहे आणि पुढची २० तारीख कोणासाठी थांबणार नाही, म्हणून काही खर्च आता करावाच लागेल. तो कोणत्या भागावर करावा, हे ठरवताना मी एक कसोटी लावीन: उद्या नवा संगणक घेतला, तर हा भाग त्यात नेता येईल का?

अडीच इंची साटा एसएसडी नेता येते, कारण आजच्या बहुतेक डेस्कटॉप बोर्डांवर साटाची जोडणी आहेच. तेव्हा ती चांगली आणि मोठी घ्यावी: ५०० जीबीची, टीएलसी प्रकारची (चिपच्या एका पेशीत तीन बिट साठवणारी), शक्यतो स्वतःची डीरॅम, म्हणजे आतली जलद मेमरी, असलेली आणि पाच वर्षांच्या हमीची. सॅमसंगची ८७० ईव्हीओ या वर्णनात बसते. तिच्या ५०० जीबीच्या आवृत्तीची हमी ३०० टेराबाइट लिहिण्यापर्यंतची आहे आणि हिशेबाच्या कामात तेवढे लिहायला कित्येक वर्षे जातील. याउलट, डीडीआर३ रॅम आणि आपल्या खाचेचा प्रोसेसर पुढच्या कोणत्याही संगणकात बसणार नाहीत. म्हणून रॅम वापरलेली घ्यावी आणि प्रोसेसरला हातच लावू नये. २०२५ च्या अखेरीपासून चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांकडे वळवल्यामुळे डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमचे भाव फार वाढले आहेत आणि एसएसडीचेही चढले आहेत. आपल्याला जुनी डीडीआर३ चालते, ही या घडीला सोयीचीच गोष्ट आहे. एसएसडी घेतल्यावर १६ जीबी मर्यादेत बसत नसेल, तर ८ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसऱ्या खाचेत आपली ४ जीबीची तशीच राहू द्यावी. सारख्या जोडीचा पूर्ण लाभ मिळणार नाही, पण १२ जीबीत आपले काम आरामात होईल.

वापरलेली रॅम घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड पट्ट्या स्वस्त मिळतात, पण आपल्या बोर्डावर त्या चालत नाहीत. तसेच काही स्वस्त ८ जीबी पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांसाठी असतात. त्या इंटेलच्या बोर्डावर संगणक सुरूच होऊ देत नाहीत. आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाणार असाल, तर शक्य असल्यास संगणकाचा डबाच सोबत न्यावा आणि पट्टी बसवून चालू करून पाहूनच घ्यावी. घरी आल्यावर मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. सदोष रॅम संगणक संथ करत नाही, ती न सांगता आकडे बिघडवते, आणि हिशेबाच्या संगणकात त्याहून वाईट काही नाही.


दुरुस्ती_कक्ष

कसोटी पटली. आता बसवण्याविषयी लिहितो, कारण चांगला भाग घाईने बसवला की दिवस वाया जातो.

ताई, सर्वांत आधी टॅलीच्या आतूनच बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या संगणकावर परत उघडून पाहावा. न तपासलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. त्यानंतर आपल्या संगणकावर टॅलीचा परवाना सक्रिय असेल, तर तो टॅलीतूनच सरेंडर करावा. परवाना संगणकाच्या भागांशी बांधलेला असतो. जुनी डिस्क काढून झाल्यावर हे आठवले, तर पुन्हा सक्रिय करायला मदतकेंद्राशी बोलत बसावे लागते.

जुन्या डिस्कमध्ये न वाचता येणारे सेक्टर असल्याने जशीच्या तशी प्रत, म्हणजे क्लोन, काढण्याऐवजी एसएसडीवर विंडोज नव्याने बसवावे असे मी सुचवतो. क्लोन करणारा प्रोग्रॅम खराब सेक्टरपाशी अडकतो, किंवा एखादी बिघडलेली फाइल नव्या डिस्कवर जशीच्या तशी आणून ठेवतो. बसवताना जुन्या डिस्कची तार काढून ठेवावी, नाहीतर विंडोज आपला सुरू होण्याचा भाग जुन्या डिस्कवर लिहिते आणि ती काढल्यावर संगणक चालू होत नाही. एच ८१ वर साटाच्या चार जोडण्यांपैकी दोनच ६ गिगाबिटच्या आहेत आणि उरलेल्या दोन ३ गिगाबिटच्या. बोर्डावर छापलेली खूण पाहून एसएसडी पहिल्या प्रकारच्या जोडणीत लावावी आणि बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय आहे ना, ते पाहावे.

विंडोज झाल्यावर मदरबोर्डचे ड्रायव्हर, मग डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, मग सही करणारा प्रोग्रॅम, या क्रमाने जावे आणि विवरणपत्राची तारीख येण्याच्या बरेच आधी एकदा सही करून पाहावी. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात नको असलेले प्रोग्रॅम बंद करावेत. एसएसडी कधीही गच्च भरू देऊ नये. पंधरावीस टक्के जागा मोकळी राहिली, की तिचा लिहिण्याचा वेग टिकतो. ऑनलाइन अवास्तव स्वस्त मिळणाऱ्या, अनोळखी नावाच्या आणि प्रचंड क्षमतेचा दावा करणाऱ्या एसएसडीपासून दूर राहावे. त्यांतल्या कित्येकांत लिहिलेल्या क्षमतेचा लहानसा अंशच असतो, आणि तो भरला की आधीचा डेटा नष्ट होतो.


करसल्ला_इंदूर

सर्वांच्या सल्ल्याने काम पार पडले. ५०० जीबीची साटा एसएसडी आणि वापरलेली ८ जीबीची रॅम घेतली. जुनी ४ जीबीची पट्टी दुसऱ्या खाचेत ठेवली आणि खर्च ठरवलेल्या रकमेच्या आत राहिला. टॅलीचा डेटा आता माझ्या एसएसडीवर आहे आणि दिरांचा संगणक तारेने राउटरला जोडला आहे. मेमटेस्टमध्ये एकही चूक निघाली नाही. सकाळी संगणक सुरू करून टॅली उघडेपर्यंत पूर्वी जो वेळ जात असे, तो आता जवळजवळ उरलेलाच नाही, आणि मला सर्वांत जास्त फरक ताळेबंद उघडताना जाणवला. गर्दीच्या वेळीही मेमरी ६५ टक्क्यांच्या आसपास राहते. विस्तारित अद्यतनांसाठी नोंदणी केली आहे, आणि ग्वाल्हेरच्या दादांनी सुचवलेल्या संगणकासाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला ठेवू लागले आहे.

एक प्रश्न उरला. जुनी ५०० जीबीची डिस्क भंगारात देऊ का? तिच्यावर क्लायंटची बरीच कागदपत्रे आहेत.


दुरुस्ती_कक्ष

ताई, तशीच देऊ नका. काही महिने ती कपाटात राहू द्यावी, म्हणजे एखादी फाइल आणायची राहिली असेल तर मिळेल. मात्र बॅकअप म्हणून तिच्यावर विसंबू नये. त्यानंतर ती दुय्यम डिस्क म्हणून जोडून विंडोजमधून फॉरमॅट करावी. तिच्यावर एकाहून अधिक विभाग असतील, तर आधी डिस्क मॅनेजमेंटमधून ते सगळे काढून एकच विभाग करावा, आणि फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटसमोरची खूण अवश्य काढावी. व्हिस्टापासून पुढच्या सर्व विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट करताना त्या विभागावर शून्ये लिहिली जातात, त्यामुळे नेहमीच्या साधनांनी जुन्या फाइली परत काढता येत नाहीत. याला काही तास लागतील. आपल्या डिस्कमध्ये न वाचता येणारे सेक्टर असल्याने फॉरमॅट मध्येच अडकण्याचीही शक्यता आहे. तसे झाले, तर डिस्क उघडून तबकडीवर ड्रिलने दोनतीन आरपार भोके पाडावीत आणि मगच ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. हे काम माझ्यासारख्या कोणत्याही दुरुस्तीवाल्याकडे आपल्या डोळ्यांसमोर करून घेता येईल.